थडग्यावरचं अक्षर

१९६६ साली ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या एका भागात कॅप्टन कर्कच्या थडग्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलेलं दिसलं. पुढे तोच ‘जेम्स टी.’ झाला. चाहते अजून खुलासे जुळवताहेत. पेणच्या कारखान्यात हे खपलं नसतं. एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, पण सोंड डावीची उजवी झाली तर गिऱ्हाईक मूर्तीला हात लावत नाही.

अर्थात, लोंबकळत्या धाग्यांबद्दल आम्ही रायगडकरांनी बोलू नये. पेणवरून, रोहे तालुक्यातल्या नागोठणे-कोलाडमार्गे जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. ठेकेदार बदलले, मंत्री बदलले. खड्डे तेवढे पहिल्या भागापासून सलग. सातत्य म्हणतात ते हेच! मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका मात्र तीन पर्वांत, १९६९ला संपली.