पद्मिनीचा जीर्णोद्धार

गेल्या दसऱ्याला मी एक संकल्प सोडला. संकल्प सोडणं आणि संकल्प सोडून देणं यांत आमच्या घरी एरवी आठवड्याभराचंच अंतर असतं. या वेळी मात्र सौभाग्यवतींनी दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढली, कोऱ्या पानावर 'ह्यांची गाडी : अंदाज रु. ४०,०००' असं लिहिलं आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघांचा अर्थ मला पुढे सहा महिने कळत गेला.

गाडी म्हणजे बाबांची १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. चौदा वर्षं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. तेवढ्या काळात तिच्या आसऱ्याने मांजरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या आणि चार सेक्रेटरींनी तिच्यावर नोटिसा काढून आपापली कारकीर्द गाजवली. तिचा जीर्णोद्धार करायचा, तो घरच्या घरी आणि स्वस्तात, असं मी ठरवलं. कारण विचाराल तर वडिलांची आठवण. वडील आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

बाबा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. बेत ऐकून त्यांनी चष्मा काढला. "कशाला? भंगारवाल्याला दे. चार पैसे येतील, जागा होईल," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि पान्याला हात लावतोच आहेस तर बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसव."

वडीलधाऱ्यांच्या भावना आमच्या पिढीला त्यांच्यापेक्षा जास्त कळतात. त्यामुळे भंगाराचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. दांड्याचं सौं.नी वहीत लिहून घेतलं.

गाडीचं कुळ मोठं आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना काढला. इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिची आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. पण सासरी नाव बदललं तरी गल्लीतली माणसं माहेरच्याच नावाने हाक मारतात, तसा सगळा महाराष्ट्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिला. बाबांनी नंबर लावला तो माझ्या मुंजीच्या साली, आणि गाडी दारात आली तेव्हा मी दहावीचा क्लास बुडवून तिला बघायला गेलो. ज्या काळात माणसं गाडीसाठी इतकी थांबायची त्या काळाची आम्हांला फार ओढ आहे. थांबणारे आम्ही नव्हतो, हे त्याचं कारण.

पहिलं काम कागदांचं. आपल्याकडे गाडीला 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायचं तर पन्नाशी ओलांडावी लागते. नोंदणीची पंधरा वर्षं संपल्यापासून पन्नाशीपर्यंत ती मध्यमवर्गीय असते : मान नाही, सवलत नाही, भरणा मात्र चुकत नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याला पूर्वी ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० झाले. वर पर्यावरण कर. विम्याचे पैसे वेगळे. सौं.नी सगळ्याची बेरीज मांडली आणि शेजारी शेरा मारला : 'गाडीला अजून हात लावलेला नाही.'

मग हात लावला. मोबाइलवर मी बारा तासांचे व्हिडिओ पाहिले होते. त्यांत स्वच्छ टी-शर्ट घातलेला माणूस पाना लावतो, बोल्ट आठ सेकंदांत निघतो आणि मागे बासरी वाजते. माझ्या पहिल्या बोल्टला तीन दिवस लागले. रॉकेल ओतलं, हातोडी मारली, शेवटी अंगठ्याएवढं नारळाचं खोबरं समोर ठेवलं. तिसऱ्या दिवशी बोल्ट निघाला, पण अर्धा : डोकं माझ्या पान्यात, धड गाडीत. त्या संध्याकाळी मिस्त्री आले आणि 'घरच्या घरी' या शब्दांचा अर्थ 'मिस्त्री आपल्या घरी' असा झाला.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि घरातून लोहचुंबक मागितलं. फ्रीजवर चिकटवलेला गणपती दिला. तो टपाला चिकटला, डिकीला चिकटला. डाव्या दाराला लावला तर खाली पडला. पुढच्या मडगार्डलाही तेच.

"साहेब, इथे पत्रा नाही. नुसती लांबी आहे. मागच्या मिस्त्रीने गाडी नाही दुरुस्त केली, मूर्ती घडवली."

लांबी खरवडायला घेतली आणि बादलीभर निघाली. मूळ गाडी मिळेपर्यंत आम्ही उत्खनन करत राहिलो : वर बाबांचा पांढरा, त्याखाली काकांनी हौसेने दिलेला निळा, त्याखाली कारखान्याचा मातकट. मग आतली मॅट उचलली. खाली गाडी नव्हती. पार्किंगच्या फरशीवर रंगवलेला आमचा सात नंबर ड्रायव्हरच्या सीटवरून स्वच्छ वाचता येत होता. मिस्त्रींनी पेन कानावर ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काम निघालं साहेब." मराठीत या दोन शब्दांइतकं खर्चिक वाक्य दुसरं नाही.

जीर्णोद्धार म्हटला की समिती आलीच. रोज पाच वाजता सोसायटीतले पाच निवृत्त सभासद चहाचे कप घेऊन पार्किंगमध्ये जमत. त्यांतल्या तिघांकडे कधी काळी फियाट होती आणि उरलेल्या दोघांच्या साहेबांकडे होती. गॅस वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असताना फियाटमधून महाबळेश्वर कसं केलं, घाटात इंजिन कसं तापलं, ते सगळे सांगत. किस्सा कोणाचाही असो, त्यात गाडी बंद पडायचीच आणि किस्सा सांगणाऱ्याचा चेहरा तिथेच उजळायचा. चहा मात्र आमच्याकडचा. वहीत त्याला वेगळा रकाना झाला.

सुट्या भागांसाठी मी नाना पेठेत पायपीट केली आणि मग कुर्ल्याला गेलो. नियतीचा विनोद बघा : पद्मिनी जन्मली कुर्ल्यात आणि तिचे अवयवही कुर्ल्याच्याच भंगार बाजारात शोधायचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या भंगारात निघत होत्या तोवर त्यांचा तुटवडा नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची मुदत वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी सगळं शहर गहिवरलं. फोटो फिरले, डोळे पाणावले. गहिवरलेल्यांपैकी किती जणांनी शेवटच्या वर्षात गार हवेची कॅब सोडून तिला हात दाखवला होता, हे अशा प्रसंगी विचारायचं नसतं.

बाजारात एक शब्द शिकलो : 'ओरिजिनल'. दाराचं हँडल घेतलं, ओरिजिनल. कार्बोरेटरचं किट घेतलं, ओरिजिनल. दिव्याची काच उलटी करून पाहिली तर मागे अलीकडचं साल छापलेलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ओरिजिनलच आहे. नवीन ओरिजिनल." मी गप्प बसलो. माझ्या मागे रांगेत आणखी दोघे टक्कल पडलेले इसम वडिलांची आठवण घ्यायला उभे होते.

इथवर झालं ते जीर्णोद्धाराचं. पुढे चिरंजीवांनी सुधारणेचं खातं हाती घेतलं. पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, ते एक चांगलं केलं. सीटबेल्ट लावले, तेही बरं केलं. मग आठ इंची पडदा आला, मागचं दाखवणारा कॅमेरा आला आणि एलईडी दिवे आले. एसीचाही बेत होता. इंजिन ११०० सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. मिस्त्री म्हणाले, "एसी लावला तर चढावर उतरून धक्का मारावा लागेल. पण उतरताना गार वाटेल." बेत बारगळला. मग चिरंजीवांना मारुतीचं इंजिन बसवायचं होतं. त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं : कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ तपशिलात असे फेरफार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. चिरंजीव म्हणाले, "पण मूळ उरलंय कुठे?" ते इंजिनिअरिंगला आहेत, पण अधूनमधून असं वेदान्ताचंही बोलतात.

वहीचा आकडा आता दीड लाखावर गेला होता. दर पानाच्या शेवटी एक ओळ मात्र ठरलेली असे : 'बाथरूमचा दांडा : राहिला.' मी नाकारत नव्हतो. पण त्या महिन्यात क्रोमचे बंपर निघाले, पुढच्या महिन्यात सीटची कव्हरं. बजेट म्हणजे शेवटी प्राधान्यक्रम. बाबा दाराची चौकट धरून आंघोळीला जात राहिले.

इंजिन लागलं त्या दिवशी पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात पेट्रोल गळायला लागलं. मिस्त्रींनी रबरी पाइप दाखवला : फुगलेला, चिरलेला. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आता गंमत अशी, की कुर्ल्यात मोटारीचा कारखाना काढणाऱ्या वालचंदशेठनीच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून साखर कारखानाही उभा केला होता. एका हाताने महाराष्ट्राला गाडी दिली, दुसऱ्या हाताने गाळप. आपला ऊस एक दिवस आपल्याच गाडीच्या टाकीत शिरेल आणि तिचे पाइप खाईल, हे त्या दूरदर्शी माणसालाही दिसलं नसेल. नवे पाइप घातले. वहीत नोंद झाली : 'उसामुळे.'

राहता राहिली नंबरपाटी. एमएच-बाराच्या आधीच्या जमान्यातली तीन अक्षरी, बाबांनी समोर उभं राहून पेंटरकडून रंगवून घेतलेली. गाडीतली तेवढी एकच वस्तू बिनतक्रार अस्सल होती. पण एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी सक्तीची, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. पाटी उतरली. त्यानंतर गाडी तपासणीला नेली, तर अधिकाऱ्यांनी चॅसिस नंबर विचारला. तो आम्ही कौतुकाने लांबी भरून, तीन हात रंग मारून नाहीसा केला होता. दोन हजारांचा रंग खरवडून नंबर सापडला. कागदावर पेन्सिल घासून त्याची छाप घेतली तेव्हा अधिकारी कौतुकाने म्हणाले, "वा! एवढं तरी जुनं राहिलंय."

गुढीपाडव्याला गाडी बाहेर काढली. सारथ्य चिरंजीवांकडे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो हे त्यांना पटायला अर्धा तास गेला. शेजारी त्यांची आई, मांडीवर वही. बाबांना मी आग्रहाने पुढे बसायला सांगत होतो, पण ते म्हणाले, "मागे बसतो." आम्ही निघालो. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. समितीतले एक काका रुमाल डोळ्यांना लावून उभे होते.

दुसऱ्या सिग्नलला गाडी बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. चिरंजीवांनी सेल्फ मारला, आठ इंची पडदा उजळला आणि मावळला. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. मी बॉनेट उघडून आत आदराने पाहत राहिलो.

"पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक," बाबांचा आवाज आला. "तापलाय तो. आणि मग धक्का."

फडकं टाकलं. मी मागे जाऊन वाकलो आणि धक्का मारायला लागलो. दहा पावलांत कमरेने जाब विचारला. तेव्हा डोळ्यांपुढे आलं : उघड्या दाराशी एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी ढकलणारे बाबा, पांढऱ्या शर्टाची ओली पाठ, आणि मागच्या सीटवर मी आणि ताई, लिमलेटच्या गोळ्या चघळत, अजून, अजून म्हणून ओरडत. चाळीस वर्षं मी ज्या सुखाच्या आठवणी काढत होतो ते सुख हे होतं. त्यात बाबा गाडीच्या बाहेर होते.

मागच्या काचेतून ते वळून माझ्याकडे बघत होते. आजवर मला त्या गाडीत त्यांचा चेहरा कधी दिसला नव्हता, कायम मानच दिसायची. त्यांनी दाराची काच खाली केली.

"अरे, छान आहे की गाडी!" ते म्हणाले. "इथून फारच छान वाटतं."

आणि डोकं बाहेर काढून, हॉर्नच्या वर आवाज चढवत, "जोर लाव जरा!"

वहीचं शेवटचं पान रात्री पाहिलं. एकूण रु. २,११,४५०. त्याखाली सौं.चं अक्षर : 'बाथरूमचा दांडा, रु. ६५०. प्लंबरकडून मागच्याच महिन्यात बसवून घेतला. हे पार्किंगमध्ये होते.'