ऐच्छिक कपातीबद्दल आभार

प्रति,
माननीय मनुष्यबळ विभागप्रमुख मॅडम,
आमचं गोडाऊन, मानकोली नाक्याच्या अलीकडे,
भिवंडी, जि. ठाणे.

विषय : ऑक्टोबरच्या पगारातून माझ्या हातून घडलेल्या दानाबद्दल आभार.

महोदया,



दान करावं आणि त्याची वाच्यता करू नये, असं आमच्या घरी शिकवलेलं. तुमच्या कृपेनं हा नियम फार कडक पाळला गेला. मी दान केल्याचं मलाही कोणी सांगितलं नाही. पगाराच्या स्लिपवर पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर यांच्या खाली 'ऐच्छिक योगदान : एक दिवस' अशी ओळ दिसली तेव्हा कळलं. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. इथे दोन्ही हातांना कळलं नाही.

२ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा देशभर दान उत्सव म्हणून साजरा होतो; उपक्रम २००९ साली सुरू झालेला. आपल्याकडेही यंदा तो झाला. गेटवर फुगे लागले, कँटीनमध्ये बॅनर लागला आणि पंचिंग मशीनच्या बरोबर शेजारी, म्हणजे आल्या-गेल्याची नजर चुकणार नाही अशा जागी, कुठल्या विभागानं किती दिलं त्याचा तक्ता लागला. आवक विभाग हिरवा, जावक पिवळा, रिटर्नचा माल बघणारे लाल. 'लालवाल्यांनो, अजून वेळ गेलेली नाही' असं खाली हसऱ्या चेहऱ्यासह लिहिलं होतं. आमचे सुपरवायझर माणूस म्हणून चांगले. ते येऊन एवढंच म्हणाले, "जबरदस्ती काही नाही हां. पण तुझ्या एकट्यामुळे आपली लाईन पिवळी दिसतेय. साहेब रोज फोटो मागवतात." दानाचा फॉर्म मी नीट वाचला होता. त्यात एक दिवसाचा पगार, दोन दिवसांचा पगार आणि 'माझ्या इच्छेनुसार, मात्र एक दिवसापेक्षा कमी नाही' असे तीन चौकोन होते. 'नाही' म्हणायला चौकोन नव्हता, म्हणून मी फॉर्म कोराच ठेवला. कोऱ्या फॉर्मचा अर्थ 'हो' असा होतो, हे नंतर समजलं.

एक दिवसाच्या पगाराची कल्पना मात्र थोर आहे. साहेबांचाही एक दिवस, हेल्परचाही एक दिवस. अशी समता भिवंडीत दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. फरक असलाच तर बारीक आहे. साहेबांचा एक दिवस गेला की एक दिवस जातो. हेल्परचा गेला की त्या आठवड्याची भाजी आणि पोराचा रिक्षाचा महिना जातो. मागच्या महिन्याच्या ओव्हरटाइमची नोंद अजून सिस्टिममध्ये 'पेंडिंग' आहे; दानाची नोंद मात्र त्याच रात्री चढली. सिस्टिमला पुण्याची एवढी घाई असते हे माहीत नव्हतं.

दान उत्सवाच्या मेलमध्ये असंही होतं, की ८०जीखाली करात सवलत मिळेल. ज्या पगाराला कर लागतच नाही त्याचा कर वाचवायचा कसा, हे पुढच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये घ्यावं.

मग तो चेक. थर्माकोलचा, दाराएवढा. तो धरून साहेब आणि आपण फोटोत हसत उभे आहात. चेकवर नाव कंपनीचं. आम्हीही फोटोत आहोत, मागे, टी-शर्ट घालून, फोर्कलिफ्टच्या बाजूला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे एप्रिल २०१४पासून मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. नफ्यातले. हेल्परच्या पगारातले काढून थर्माकोलवर चढवायचे असं काही मला त्या कलमात सापडलं नाही. पुढच्या पानावर असेल.

अशी 'ऐच्छिक' वसुली करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, एवढा दिलासा देतो. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी हा १९४९पासूनचा उपक्रम, सैनिकांच्या कुटुंबांसाठीचा, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण त्यालाही जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट ठरतं, आणि ते खाली सरकत सरकत तिच्या वर्गापर्यंत येतं. केंद्राच्या महसूल विभागानं एप्रिल २०२०मध्ये पीएम केअर्ससाठी दरमहा एक दिवसाचा पगार मागितला, आणि ज्याला द्यायचा नाही त्यानं तसं लेखी कळवावं म्हटलं. त्याआधी २०१८च्या महापुरानंतर केरळ सरकारनं महिन्याचा पगार मागताना हीच युक्ती केली होती. तिथल्या हायकोर्टानं नकार लिहून देण्याची अट थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. पुराची मदत कोणालाच नको नव्हती. 'मी देत नाही' असं स्वतःच्या सहीनं लिहून वरिष्ठाच्या टेबलावर ठेवायचं, हे लोकांना नको होतं.

आमच्या गल्लीत गणपतीची पोरं पाचशे एकचं पावतीपुस्तक घेऊन येतात. घासाघीस होते, एकशे एकवर तोडपाणी होतं, दोन टोमणे बसतात आणि संध्याकाळी प्रसाद येतो. त्या पोरांना मी नाहीसुद्धा म्हणू शकतो, कारण माझं अप्रेझल त्यांच्या हातात नसतं. तुमच्या हातात आहे, मॅडम. सगळी गोम तिथे आहे. ठेकेदाराच्या माणसांचं तर अप्रेझलही नसतं, नुसता गेटपास असतो आणि त्याची मुदत संपत आलेली असते. गेटपासवाला माणूस काय इच्छा व्यक्त करणार?

आम्हाला द्यायला शिकवावं लागतं असा तुमचा समज दिसतो. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे इथल्याच, भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, तेव्हा एनडीआरएफ पोचायच्या आधी शेजारपाजारची माणसं ढिगारा उपसत होती. त्यांचा टक्का कुठल्या तक्त्यावर लागला नाही. आणि आपल्याच गोडाऊनमधलं सांगतो. लोडिंगवरच्या एका पोराचे वडील गावी, आझमगडकडे वारले. चहाच्या सुट्टीत टपरीवर कोणीतरी रिकाम्या खोक्याचं झाकण फिरवलं. कोणी पन्नास टाकले, कोणी दहा. एकानं काहीच टाकलं नाही, त्याचंच खोलीभाडं थकलं होतं. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. पोरगा त्याच रात्री कल्याणहून गाडीत बसला. कोणी किती दिले ते आजही कोणाला माहीत नाही, आणि त्या झाकणाबरोबर कोणी फोटो काढला नाही.

तेव्हा आता मुद्द्याचं. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात खुद्द पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठीसुद्धा कामगाराच्या लेखी संमतीनंच कपात करायची असं लिहून ठेवलं होतं. आपला निधी त्याहून मोठा नसावा. माझी लेखी संमती आपल्या फायलीत नाही, कारण मी ती दिलेली नाही. तरी माझा एक दिवस पुढच्या पगारात परत जमा करावा. तक्ता पंचिंग मशीनजवळून काढावा. पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये 'नाही'चा चौकोन घालावा, आणि भरलेले फॉर्म सुपरवायझरनं न बघता बंद पेटीत टाकायची सोय करावी. मग किती जमतात ते बघू. कदाचित तुमच्या अंदाजापेक्षा जास्तही जमतील.

आपला नम्र,
जावक विभाग, दुसरी पाळी

ता. क. : कोरा फॉर्म परत जोडला आहे. या वेळी त्यावर आडवी रेघ मारली आहे. तिचा अर्थ 'नाही' असा घ्यावा.