बायसनला लवकरात लवकर कसे लोळवावे

व्हिडिओ गेम म्हणजे वेळ घालवण्याचा उद्योग, असा समज घराघरांत पक्का बसला आहे. तो खोडून काढण्यासाठी जगभर अनेक माणसे रात्री जागवत असतात. ही मंडळी एखादा जुना खेळ कमीत कमी वेळात संपवतात आणि तो कमी वेळ साधण्यासाठी आयुष्यातली काही वर्षे मोकळ्या हाताने खर्च करतात. या साधनेला स्पीडरन म्हणतात. तिच्यात उतरू इच्छिणाऱ्या होतकरू उमेदवारांसाठी ही नियमावली सादर आहे. उदाहरणादाखल घेतलेला खेळ आहे ‘स्ट्रीट फायटर टू’.

हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली पार्लरमधल्या यंत्रांसाठी काढला. आठ लढवय्ये, सहा बटणे (तीन ठोशांची, तीन लाथांची) आणि एक दांडा, एवढ्या सामग्रीवर त्याने जगभरच्या पोरांचा खाऊचा पैसा गिळला. त्याची रचनाच त्यासाठी होती. पार्लरमधल्या यंत्राचे पोट नाण्यांवर चालते, म्हणून खेळाडूला जमेल तितक्या लवकर संपवणे हे त्याचे कर्तव्य ठरते. स्पीडरनर हेच कर्तव्य उलटे फिरवतो. यंत्राने माणसाला संपवण्याआधी माणसाने यंत्राला संपवायचे, तेही घड्याळ लावून. पुढची सर्व कलमे या एका वैराच्या पोटात येतात.

कलम १ : यंत्राची जात

उमेदवाराने प्रथम आपल्यापुढे कोणता खेळ आहे हे तपासावे. ‘स्ट्रीट फायटर टू’ हा एक खेळ नसून एक गोतावळा आहे. १९९२ मध्ये ‘चॅम्पियन एडिशन’ आली, त्याच वर्षाअखेर ‘टर्बो’, १९९३ मध्ये ‘सुपर’ आणि १९९४ मध्ये ‘सुपर टर्बो’. त्याशिवाय १९९२ चीच सुपर निन्टेन्डोची घरगुती आवृत्ती आहे, तिच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. एका आवृत्तीतली वेळ दुसरीच्या विक्रमांच्या यादीत लावू पाहणाऱ्याला कोणी दारातही उभे करत नाही.

‘टर्बो’च्या जन्माची कथा उमेदवाराने विशेष आदराने वाचावी. अमेरिकेतल्या पार्लरांत ‘चॅम्पियन एडिशन’च्या बेकायदा, दुरुस्त केलेल्या चिप फिरू लागल्या होत्या. त्यांत सगळे काही बेफाम वेगाने चाले आणि हवेतूनही अग्निगोळे सुटत. पब्लिकला ते आवडले. अखेर कॅपकॉमने स्वतःच अधिकृत वेगवान आवृत्ती काढली. घाईला राजमान्यता मिळवून दिली ती अशी चोरांनी.

आता टीव्ही. अमेरिका आणि जपानमधले जुने गेम कन्सोल पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे काढत. पाल पद्धतीच्या देशांत तीच संख्या ५० असे. अनेक खेळ नवा हिशेब न करता तसेच पाठवले गेल्यामुळे युरोपातला रयू (खेळातला एक लढवय्या) अमेरिकेतल्या रयूपेक्षा साधारण एक षष्ठांश सावकाश लाथ मारत असे. भारतातले टीव्हीही पाल घराण्यातलेच होते. तेव्हा पाल कन्सोलवर विक्रमाला बसणे म्हणजे पॅसेंजर गाडीने राजधानीचा पाठलाग करणे.

एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या पार्लरांत कॅपकॉमचाच आणखी एक खेळ खूप गाजला. तो म्हणजे १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, ज्याला सगळे त्यातल्या पात्राच्या नावाने ‘मुस्तफा’ म्हणत. मुस्तफाशी ज्यांचे बालपणीचे ऋणानुबंध आहेत, त्यांनी येथे तो अनुभव सांगू नये. तिथे रस्ताभर चालत गुंडांना बडवायचे असते. येथे एका चौकटीत एकाच माणसाला बडवायचे असते आणि रस्त्यात कोंबडीही सापडत नाही.

कलम २ : वेळ जातो कुठे

मूळ खेळात एकट्या खेळाडूला अकरा लढती द्याव्या लागतात : निवडलेले पात्र वगळून उरलेले सात आणि त्यांच्यानंतर चार बडे. हे बडे ठरलेल्या क्रमाने येतात. बालरॉग, वेगा, सागाट आणि शेवटी एम. बायसन. प्रत्येक लढतीत दोन फेऱ्या जिंकायच्या, म्हणजे किमान बावीस फेऱ्या. उमेदवाराने दर फेरीत विचार करण्यात तीन सेकंद घालवले, तर एकूण छासष्ट सेकंद विचारात जातात. तेव्हा विचार आदल्या दिवशी करून ठेवावा.

एक फेरी हरल्यास बाविसाच्या तेवीस होतात. फेरी बरोबरीत सुटली तरी तेच. दोघे एकदमच कोसळले की पार्लरमधले प्रेक्षक टाळ्या वाजवतात. स्पीडरनर मात्र पाणी प्यायला उठतो.

फेऱ्यांबाहेरही वेळ सांडतो. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना नकाशावर छोटे विमान उडते. फेरी संपली की उरलेल्या वेळेचे आणि उरलेल्या ताकदीचे गुण मोजले जातात. ते उमेदवाराच्या काडीच्याही उपयोगाचे नसतात. मग हरलेल्याचा सुजलेला चेहरा दिसतो आणि जिंकलेला त्याला दोन खोचक शब्द ऐकवतो. जे दृश्य बटण दाबून पळवता येईल ते पळवावे. जे पळत नाही, त्या वेळात बोटे मोडून घ्यावीत.

पहिल्या तीन लढतींनंतर एक मोटार फोडायला मिळते. ती लवकर फुटली की टप्पाही लवकर संपतो, म्हणून येथे हात आखडता घेऊ नये. या मोटारीपुढे उमेदवाराने मनोमन नतमस्तकही व्हावे. खेळ तयार होत असताना कॅपकॉमचे नोरिताका फुनामिझू याच टप्प्यातल्या चुका शोधत होते. एका ठोशाच्या हालचालीत दुसरा ठोसा घुसवता येतो, हे त्यांना तिथेच दिसले. वेळ साधणे इतके अवघड, की कोणाला जमेल असे वाटले नाही. म्हणून ती चूक तशीच राहू दिली गेली. मारामारीच्या प्रत्येक खेळात पुढे जे ‘कॉम्बो’ आले, त्यांचे मूळ या दुरुस्त न केलेल्या चुकीत आहे. स्पीडरनचा निम्मा संसार आजही त्यावरच उभा आहे.

कलम ३ : पात्रनिवड आणि देशप्रेम

मराठी उमेदवाराचा हात साहजिकच धालसिमकडे वळेल. तो भारताचा प्रतिनिधी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून अग्नी, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि मागे ओळीने उभे हत्ती. भारतीय माणूस जगाला कसा दिसतो, याची नोंद म्हणून हे पात्र पाहावे आणि तूर्त बाजूला ठेवावे. मूळ आवृत्तीत धालसिम आणि गाइल ही जाणकारांच्या मते सर्वांत बलवान जोडी. पण धालसिमचे बळ शत्रूला दूर ठेवण्यात आहे. दूर ठेवलेला शत्रू सावकाश मरतो.

सोव्हिएत संघाचा पैलवान झांगिएफ जवळ गेला तर भयंकर. दांडा पूर्ण गोल फिरवून ठोशाचे बटण दाबले की तो प्रतिस्पर्ध्याला उचलून हवेत गरगरवतो आणि डोक्यावर आपटतो. अडचण जवळ जाण्याची. शिवाय ज्या वर्षी खेळ आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा देशच विसर्जित झाला. एवढी घाई खेळातल्या दुसऱ्या कोणालाही जमलेली नाही.

नवख्याने रयू किंवा केन घ्यावा. मूळ आवृत्तीत दोघांच्या करामती जवळजवळ सारख्याच आहेत, त्यामुळे निवड करण्यातही वेळ जात नाही. उडी मारून जोरदार लाथ, खाली येताच बसून जोरदार ठोसा आणि त्यातच हाडोकेन हा अग्निगोळा : दांडा खाली, तिरका, पुढे आणि ठोसा. एवढे अंगवळणी पडले की प्रतिस्पर्धी अनेकदा चक्कर येऊन डोलू लागतो. त्याच्या डोक्याभोवती काय फिरते आहे, ते पाहत बसू नये.

जपानी जाणकारांचे सल्ले वाचताना सावध राहावे. तिथे मुष्टियोद्ध्याचे नाव एम. बायसन, पंजेवाल्या स्पॅनिश योद्ध्याचे बालरॉग आणि शेवटच्या हुकूमशहाचे वेगा. मुष्टियोद्धा माइक टायसनसारखा दिसत होता, नावही तसेच वाजत होते. त्यामुळे अमेरिकेत खटला नको म्हणून तिघांच्या नावांची अदलाबदल झाली. ‘बायसन मेला की घड्याळ थांबवा’ हा नियम जपानी अर्थाने पाळल्यास विक्रम नक्की होतो, फक्त तो कोणी मानत नाही.

कलम ४ : सभ्यता

पार्लरमध्ये काही कृत्ये हीन मानली जात. हलका ठोसा अडवायला लावायचा आणि शत्रू सावरण्याआत जवळ जाऊन त्याला उचलून फेकायचे, हे त्यांतले अग्रगण्य. या खेळात फेक अडवता येत नाही, म्हणून असे करणाऱ्याला मित्र परत खेळायला बोलावत नसत. उमेदवाराने हे कृत्य मनसोक्त करावे. समोर संगणक आहे. त्याला मित्र नाहीत.

तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. गाइलचा ‘सॉनिक बूम’ सोडायला माणसाला दांडा काही क्षण मागे धरून मगच पुढे ढकलावा लागतो. संगणकाच्या हातातला गाइल चालता चालता, कसलीही तयारी न करता तो फेकतो. उमेदवाराने बटण दाबताच संगणकाला ते कळते आणि त्यानुसार तो उडी मारतो. ही अफरातफर हाच त्याचा कच्चा दुवा. अग्निगोळा दिसला की तो उडतो, हे एकदा कळले की गोळा सोडावा आणि उतरण्याच्या जागी शोर्युकेन (उसळी घेऊन मारलेला ठोसा) घेऊन उभे राहावे. रोज त्याच घरात त्याच खिडकीने शिरणाऱ्या चोराला पकडायला बुद्धी लागत नाही, फक्त वेळेवर हजर राहावे लागते.

कलम ५ : दैव

इथवर सर्व नीट केले तरी उमेदवार हरू शकतो. तोच फटका दर वेळी तेवढीच इजा करत नाही, चक्कर येण्यात योगायोगाचा भाग असतो आणि पहिले सात प्रतिस्पर्धी कोणत्या क्रमाने येतील हे उमेदवाराच्या हाती नसते. स्पेनमध्ये वेगा जाळीवर चढून बसला, तर तो उतरेपर्यंत खालून शिव्या देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. यावर शास्त्रात एकच उपाय सांगितला आहे : रिसेट. पहिल्या लढतीत दोन सेकंद मागे पडले की मोडा, पुन्हा सुरू करा. याचा परिणाम असा होतो, की अनुभवी रनर पहिल्या प्रतिस्पर्ध्याला हजारो वेळा भेटलेला असतो आणि बायसनची ओळख मात्र जुजबीच राहते.

दैवावर मात करण्याच्या गुप्त युक्त्या कोणी सांगू लागल्यास कान बंद करावेत. एप्रिल १९९२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकन मासिकाने शेंग लाँग नावाचा छुपा गुरू प्रकट करण्याची रीत छापली. एकही फटका न खाता शेवटपर्यंत जायचे, मग बायसनला न शिवता आणि त्यालाही शिवू न देता फेरीमागून फेरी वेळ संपू द्यायची. असंख्य पोरांनी ते करून पाहिले. तो एप्रिल फूल होता. स्पीडरनच्या दृष्टीने मुद्दाम वेळ संपू देण्याहून पापी कृत्य कल्पिता येणार नाही. पण कॅपकॉमने १९९४ च्या ‘सुपर टर्बो’मध्ये अकुमा हे छुपे पात्र आणले आणि तो बायसनला बाजूला सारूनच समोर येऊ लागला. थाप दोन वर्षांत खरी ठरली.

कलम ६ : पुरावा

वेळ कोणत्या क्षणी सुरू होते आणि कोणत्या क्षणी थांबते, हे त्या खेळाच्या नियमांत लिहिलेले असते. ते सर्वांत आधी वाचावे. पूर्ण प्रयत्नाचे सलग चित्रीकरण ठेवावे. जे खेळाडू संगणकावर एकेक चित्र थांबवत, मागे जात, पुन्हा प्रयत्न करत खेळ बांधतात, त्यांची यादी वेगळी असते. दोन्ही कला मानाच्या आहेत. एक करून दुसरीचा दावा करणे मानाचे नाही.

‘मी केले होते, शपथ’ हा पुरावा आता चालत नाही. अटारीच्या कन्सोलवरच्या ‘ड्रॅगस्टर’ या खेळात ५.५१ सेकंदांची वेळ १९८२ पासून विक्रम म्हणून नोंदली गेली होती. पुढे खेळाचा कोड उलगडून पाहिला, तेव्हा ५.५७ पेक्षा कमी वेळ त्यात बसतच नाही असे दिसले आणि २०१८ मध्ये विक्रम रद्द झाला. सेकंदाच्या सहा शतांशांसाठी पस्तीस वर्षांनंतरही माणसे हिशेब तपासतात, हे उमेदवाराने उशाशी लिहून ठेवावे.

कलम ७ : घरच्यांचे शंकासमाधान

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येणारच. त्यावर जानेवारी २०१० चा दाखला द्यावा. काही स्पीडरनरांनी अमेरिकेत एकत्र जमून जुने खेळ झटपट संपवत एका समाजकार्यासाठी देणग्या गोळा करायचे ठरवले. नियोजित हॉटेलातल्या इंटरनेटने दगा दिला, तेव्हा सगळा कार्यक्रम संयोजकाच्या आईच्या घराच्या तळघरात झाला. त्यातून सुमारे दहा हजार डॉलर जमले. ‘गेम्स डन क्विक’ नावाने हाच उपक्रम वाढत गेला आणि पुढे एकेका कार्यक्रमात वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम कर्करोग प्रतिबंधासाठी किंवा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी उभी राहू लागली. तळघर देणाऱ्या आईचा उल्लेख जरूर करावा. त्याने आपल्या घरातले वातावरण निवळण्याची शक्यता असते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पहिला प्रयत्न कितीही फसला, देशोदेशी मार खाल्ला, मोटार अर्धवट फुटली, तरी तो मोडू नये. बायसन पडेपर्यंत खेळावे, वेळ लिहून ठेवावी आणि यादीत नोंदवावी. यादीतले शेवटचे स्थान बहुधा उमेदवाराचीच वाट पाहत असते आणि तिथून एक पायरी वर चढायला पहिल्या क्रमांकाच्या माणसाला पडतात त्यांच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही कष्ट पडत नाहीत. तेव्हा घड्याळ लावा आणि रयू निवडा.