वापरलेल्या कपड्यांची वंशावळ

वापरलेले कपडे दोन प्रकारचे असतात: नात्यातले आणि परके. नात्यातल्या कपड्याला जुना म्हणायची पद्धत नाही. दादाचा शर्ट धाकट्याला येतो, धाकट्याचा मामेभावाकडे जातो आणि वाटेत प्रत्येक जण ‘वाढत्या अंगाचा आहे, होईल’ एवढंच म्हणतो. मराठा सरदार पवारांच्या मागोमाग माळव्यात येऊन धार-देवासला कायमची राहिलेली मराठी घरं याला अपवाद नाहीत. देवास संस्थानाच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या, एकाच गावात दोन राजे आणि दोन कारभार होते. कपड्यांच्या राज्यात असली वाटणी चालत नाही. थोरल्या पातीचं सगळं आज ना उद्या धाकट्या पातीकडे येतं, आणि धाकट्या पातीचं मत कोणी विचारत नाही.

साडीचा प्रवास याहून लांबचा. लुगडं विरलं की त्याचं जुनेर होतं. जुनेराच्या धड भागाची झबली-दुपटी होतात, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. उरलेल्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. यात पृथ्वी वाचवण्याचा विचार कुणी केलेला नसतो. कापड महाग होतं आणि हात रिकामे होते, इतकंच. हल्ली कापड स्वस्त झालं, हात मोबाइलमध्ये गुंतले आणि पोतेरंसुद्धा विकत आणावं लागतं.

घराबाहेर जाणाऱ्या कपड्यांचा पारंपरिक मार्ग म्हणजे बोहारीण. ती ओट्यावर बसते, समोर स्टीलचा डबा ठेवते आणि साडी उजेडाकडे धरते. घरातल्या बाईने शपथेवर नाकारलेलं भोक तिला पहिल्याच घडीत सापडतं. मग ‘एक साडी और डालो, बाईजी’ हे पालुपद सुरू होतं. शेवटी डब्याचं झाकण वेगळं ठरतं आणि त्यासाठी नवऱ्याची एक पँट जाते. ती त्याच्या आवडीची होती, हे संध्याकाळी कळतं. जरीच्या साड्यांचा गिऱ्हाईक निराळा. तो जर जाळून चांदी काढतो. लग्नात अस्सल म्हणून मिरवलेली जर तांब्याची निघते ती इथेच, आणि तोवर तक्रार ऐकून घ्यायला सासरचं कुणी उरलेलं नसतं.

खरी अडचण परक्या कपड्याची. तो कुणाच्या अंगावरचा, त्याला काय झालं होतं, तो आहे ना अजून, असे प्रश्न उभे राहतात. या बाबतीत देवासचा एक जुना दाखला उपयोगी पडावा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912 च्या अखेरीस तिथे पाहुणा म्हणून आला, तेव्हा मेजवानीसाठी त्याला दरबारी पोशाख चढवण्यात आला. सदरा एका तरुण सरदाराचा होता, डोक्यावर मराठेशाही पगडी. वरचा सोनेरी काठाचा रेशमी अंगरखा कुणाचा, हे त्याला कधीच कळलं नाही. अंगाला मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसला होता. 1921 मध्ये तो थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून परत आला, आणि 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्याने हा पोशाख तपशीलवार नोंदवला. मालकाचा पत्ता लागला नाही म्हणून त्याचं काही अडलेलं दिसत नाही.

देवासलाच बँक नोट प्रेस आहे. नोटेचा कागद कापसाचाच असतो. ही सुती वस्तू खाटीक, डॉक्टर, भिकारी आणि पुढारी अशा सगळ्यांच्या खिशांतून फिरून येते, कधी धुतली जात नाही, तरी ती घेताना कुणी आधीच्या मालकाची चौकशी करत नाही. सदऱ्याला आधीचा मालक बहुधा एकच असतो, आणि सदरा धुता येतो.

पाण्याचा हिशोब देवासकरांना वेगळा समजवायला नको. 1990 च्या उन्हाळ्यात या शहराला इंदूरहून रेल्वेच्या टँकरांनी पाणी आणावं लागलं होतं. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. वापरलेला टी-शर्ट घेतला तर ते पाणी पुन्हा खर्चावं लागत नाही. लागते ती धुण्याची बादली. अर्थात हा हिशोब नवा टी-शर्ट न घेतल्यासच जुळतो. ‘स्वस्त मिळाले म्हणून’ पाच जुने आणि वर एक नवा घेणाऱ्यांचं पर्यावरण कपाटाबाहेर येत नाही.

निवड करताना आधी कॉलर आणि काखा पाहाव्यात. माणसाचा खरा स्वभाव तिथे उमटलेला असतो. मग कापड उन्हाकडे धरावं, म्हणजे विरलेली जागा दिसते. चेन वरखाली करावी, आणि शिवणीच्या आत कापड सोडलंय का ते बघावं, कारण उसवून वाढवायला तेवढीच जागा असते. धार जिल्ह्यातल्या बागचं ठशांचं कापड हाती लागलं तर सोडू नये. तुरटीवर चढवलेला त्याचा लाल आणि लोखंडाच्या गंजातून केलेला काळा हे पक्के रंग असतात, आणि धुण्याने कापड मऊ होत जातं.

फुकट देण्याघेण्याची सरकारी सोयही झाली. मध्य प्रदेशाच्या आनंद विभागाने जानेवारी 2017 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत ‘आनंदम’ केंद्रं उघडली: जास्तीचं ठेवावं, लागेल ते न्यावं. कल्पना चांगली आहे. अशा ठिकाणी अडतं ते एकाच गोष्टीवर: जे बोहारणीनेही परत केलं, ते लोकांना दान करावंसं वाटतं.

दरम्यान धार जिल्ह्यात बदनावरजवळ भैंसोला इथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 17 सप्टेंबर 2025 रोजी झाली. योजनेचं सूत्र शेतापासून धागा, कारखाना, फॅशन आणि परदेश असं पाच पायऱ्यांचं आहे. सहावी पायरी सूत्रात नाही, पण ती अस्तित्वात आहे. परदेशात वापरून टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी कांडल्याला उतरतात. तिथे त्यांची निवड होते, आणि त्यातले लोकरीचे पानिपतला जातात. धारचे यशवंतराव पवार 1761 साली तिथे पडले. आता तिथे स्वेटर पडतात. बटणं आणि चेनी काढून ते रंगांप्रमाणे वेगळे करतात, म्हणजे पुन्हा रंगवावं लागत नाही. मग त्यांच्या चिंध्या करून पिंजतात, सूत काततात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात.