गोगलगाय आणि अपिलात पाय
ग्लासगोच्या नवशिक्या लॉ क्लार्कांसाठी मार्गदर्शिका

पुण्यात एलएलबी झाली, ग्लासगो विद्यापीठात एलएलएम झालं, आणि तिकडे आईने सोसायटीत सांगूनही टाकलं की पोरगी आता 'विलायतेत जजसाहेबांच्या हाताखाली' लागणार. या सांगण्यात आणि प्रत्यक्ष लागण्यात जे अंतर आहे, ते कापण्यासाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या गाळू नयेत. अपिलात गाळलेली पायरी समोरचा वकील बरोब्बर हुडकून काढतो.

१. आधी कोर्ट शोधा

ग्लासगोत कोर्टांना तोटा नाही. क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर कार्लटन प्लेसला शेरिफ कोर्ट आहे. युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या कोर्टांत त्याचं नाव घेतात. इथला शेरिफ कमरेला पिस्तूल लावत नाही. तो न्यायाधीश असतो. सॉल्टमार्केटला हायकोर्ट बसतं. तिथे खुनाचे खटले पंधरा जणांच्या ज्युरीपुढे चालतात. सगळं आहे, अपील तेवढं नाही. ते एडिनबराला. दिवाणी अपील कोर्ट ऑफ सेशनच्या इनर हाउसपुढे, फौजदारी हायकोर्ट ऑफ जस्टिशियरीपुढे. न्यायमूर्ती तेच, झगे वेगळे. 2015 मध्ये शेरिफ अपील कोर्ट निघालं, तेही एडिनबरालाच.

तेव्हा सकाळी क्वीन स्ट्रीटवरून वेव्हर्लीची गाडी पकडा. पाऊण-एक तासाचा प्रवास. डेक्कन क्वीनने हायकोर्ट गाठणाऱ्या पुणेकर वकिलांच्या वारसांना हे जड जाऊ नये. कोल्हापूरकरांनी दशकानुदशकं भांडून ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच पदरात पाडून घेतलं. ग्लासगोकर निमूट गाडीत बसतात.

२. पात्रता तपासा

स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे हे विमानातून उतरल्यावर कळणारे बरेच असतात. इथे वकिली करायची तर स्कॉटिश कायद्याची पदवी लागते, वर व्यावसायिक डिप्लोमा. नुसत्या एलएलएमवर भागत नाही. राहिली क्लार्की. न्यायमूर्तींनी क्लार्क ठेवण्याची चाल तशी जुनी: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी 1882 मध्ये हार्वर्डचा ताजा पदवीधर हाताशी घेतला आणि पगार स्वतःच्या खिशातून दिला. दिल्लीचं सुप्रीम कोर्ट आणि मुंबई हायकोर्टही ठरावीक मुदतीसाठी लॉ क्लार्क घेतं. मुदत संपली की नमस्कार. ही नोकरी चिकटून बसण्यासाठी नसतेच.

३. गोगलगाय शोधू नका

ऑगस्ट 1928. ग्लासगोच्या मे डोनह्यू शेजारच्या पेझलीत वेलमेडो कॅफेत बसल्या होत्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. गडद बाटलीतून उरलेली ओतली तर म्हणे कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडल्या. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे करार नाही. करार नाही, म्हणजे तेव्हाच्या समजुतीनुसार कारखानदारावर दावाही नाही. त्यांचे ग्लासगोचे वकील वॉल्टर लीचमन नुकतेच जिंजर बिअरमधल्या मेलेल्या उंदराचं प्रकरण हरले होते. त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, तोच त्यांनी गोगलगायीचा दावा दाखल केला. चिवटपणा शिकायचा तर या गृहस्थांकडून.

पहिल्या न्यायमूर्तींनी बाईंच्या बाजूने कौल दिला, इनर हाउसने तो फिरवला, आणि मे 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी पुन्हा बाईंच्या बाजूने निकाल दिला. माल बनवणाऱ्याने तो वापरणाऱ्याची काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व त्या दिवशी पक्कं झालं. आपल्याकडच्या कोर्टांतही वकील आजवर ते वाचून दाखवतात.

आता नवशिक्याचा हमखास प्रश्न: बाटलीत गोगलगाय खरंच होती का? ते कधीच सिद्ध झालं नाही. लॉर्डांपुढे प्रश्न एवढाच होता, की बाई म्हणतात ते खरं धरलं तर दावा उभा राहतो का? अपिलात आलेला प्रश्न तेवढाच धरायचा. बाटलीत डोकावायचं नाही.

४. तारखा मात्र वाचा

डिसेंबर 1908 मध्ये ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवर मॅरियन गिलख्रिस्ट या ऐंशी ओलांडलेल्या धनिक बाईंचा खून झाला. हिऱ्यांचा एक ब्रोच नाहीसा झाला. ऑस्कर स्लेटर नावाच्या जर्मन ज्यू माणसाने तसाच ब्रोच गहाण ठेवल्याची खबर लागली आणि पोलीस त्याच्या मागे लागले. गहाणाची तारीख निघाली 18 नोव्हेंबर; खून 21 डिसेंबरचा. म्हणजे ब्रोच दुसराच. तरीही स्लेटरवर खटला चालला. पंधरांपैकी नऊ जणांनी दोषी म्हटलं. फाशी दोन दिवसांवर असताना जन्मठेपेत बदलली.

त्याला अपील करता आलं नाही, कारण तेव्हा स्कॉटलंडमध्ये फौजदारी अपिलाचं कोर्टच नव्हतं. इंग्लंडला ते 1907 च्या कायद्याने मिळालं, स्कॉटलंडला 1926 उजाडलं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल वर्षानुवर्षं भांडले, आणि जुलै 1928 मध्ये शिक्षा रद्द झाली. कारण? ब्रोच नव्हे. अपिलातले बाकीचे मुद्दे फेटाळले गेले. खटला चालवणाऱ्या न्यायमूर्तींनी ज्युरीला सांगताना आरोपीच्या वाईट चालचलनाचा नको तितका आधार घेतला, तेवढं एक चुकीचं ठरलं. अठरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला आणि दोषाचा शिक्का पुसला गेला तो ज्युरीला केलेल्या भाषणातल्या चार वाक्यांमुळे. म्हणून फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचायची. वाक्य कुठल्या पानावर दडलेलं असेल सांगता येत नाही.

५. टिपण लिहा

सुनावणीआधी न्यायमूर्तींच्या टेबलावर टिपण गेलं पाहिजे. त्यात वाद काय, खालच्या कोर्टाने काय ठरवलं, अपीलकर्त्याचं गाऱ्हाणं काय आणि कायदा काय म्हणतो, एवढंच. नमुना घ्या:

'मुद्दा 3. शेरिफने साक्षीदाराकडे दुर्लक्ष केलं. पाहा निकालपत्र, परिच्छेद 41. दुर्लक्ष केलेलं नाही. त्याचं म्हणणं पटलेलं नाही.'

तीन ओळींत चाळीस पानांचा युक्तिवाद आटला. त्यात 'माझ्या मते हा वकील फेकतोय' हे लिहू नये. वाटलं तरी लिहू नये.

६. निवाडे उघडून बघा

वकिलाने दिलेला प्रत्येक निवाडा स्वतः उघडायचा. जून 2025 मध्ये लंडनच्या हायकोर्टापुढे एका प्रकरणात दिलेल्या 45 निवाड्यांपैकी 18 अस्तित्वातच नव्हते. एआयने रचलेले, पक्षकाराने शोधलेले आणि वकिलाने न तपासता पुढे सरकवलेले. असा निवाडा तुमच्या नजरेतून सुटून न्यायमूर्तींच्या निकालात शिरला, तर परतीचं तिकीट काढूनच ठेवा.

७. तोंडाला कुलूप

एडिनबराच्या पार्लमेंट हॉलमध्ये वकील जोडीजोडीने येरझाऱ्या घालत बोलतात. चालत्या माणसाचं बोलणं कुणाला पुरतं ऐकू येत नाही, हे त्यामागचं शहाणपण. तुम्ही चालतानाही बोलू नका. निकाल राखून ठेवलेला असताना गाडीत, पबमध्ये, मंडळाच्या गणपतीत, कुठेच 'आमचं बेंच काय करणार' हे सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. आईला तर नाहीच.

८. श्रेयाची हाव सोडा

तुम्ही शोधलेला मुद्दा निकालपत्रात येईल, तुमचं नाव येणार नाही. फुगूनही जाऊ नका: 1932 मध्ये गोगलगायीच्या निकालात लॉर्ड ॲटकिन यांनी शेजारधर्माचं ते प्रसिद्ध तत्त्व मांडलं, तेव्हा लॉर्डांना क्लार्क नव्हते. क्लार्कावाचून उत्तम निकाल लिहिले गेले आहेत आणि क्लार्क असूनही वाईट लिहिले गेले आहेत.

मग करायचं काय? गोगलगाय व्हायचं. वरून गरीब, पोटात पाय. अपील मंजूर करायचं की फेटाळायचं, ते बेंचवरचे तिघे बघतील. चुकीच्या तारखेवर त्यांनी ते ठरवू नये, एवढं तुमच्या हातात आहे. तेवढं चोख केलंत तर सोसायटीत आईने मारलेली बढाई वाया जाणार नाही.