दोन सीता आणि एक बूस्टर

शिव शिव, ऐकलंत का? रोह्याजवळच्या निडी गावात म्हणे टीव्हीवर एकपत्नी रामाच्या शेजारी दोन-दोन सीता उभ्या राहिल्या, आणि अख्ख्या घराने त्या हात जोडून पाहिल्या!

झालं असं. 1986 साली आगगाडी रोह्यापर्यंत आली, तेव्हासुद्धा लोक इतके बिघडले नव्हते. पण 25 जानेवारी 1987 च्या रविवारी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि पेणपासून रोह्यापर्यंतचे सभ्य गृहस्थ अँटेना फिरवायला कौलांवर चढू लागले. लुंगी लावून! भरदिवसा!

‘आलं का?’

‘आलं... गेलं!’

‘आता?’

‘मघाचंच बरं होतं!’

मुंबईतला दूरदर्शनचा वरळीचा मनोरा तीनशे मीटर उंच, निडीहून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. मध्ये मात्र डोंगर. त्यांच्यावर आपटून आलेली लहर किंचित उशिरा पोचते आणि पडद्यावर प्रत्येकाच्या उजवीकडे त्याचीच फिकट जोडी उभी करते. दुसरी सीता तीच.

बरं, यावर उपाय तरी सोवळे असावेत! कुणी अँटेनाला जेवणाची ताटं बांधली. लहर पाच मीटरच्या आसपास, तिला झेलायला सात-आठ फुटी कांडी लागते. अशी लहर ताटाला कशाला विचारतेय? मग आला बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी. तो लावायचा वर, अँटेनापाशी. यांनी मांडला टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालावर, पाहुण्यांना दिसावा म्हणून. वायरीतून खाली येईतो सिग्नल अर्धमेला, त्यात सांध्यांत पावसाचं पाणी शिरलेलं. बूस्टरने मुंग्यांचे मुंगळे केले, एवढंच.

अमेरिकेतले ट्रकवालेही काही कमी नव्हते म्हणा. 1970 च्या दशकात त्यांना एकमेकांशी बोलायच्या सीबी रेडिओचं खूळ. कायद्याने चार वॅटची मर्यादा, म्हणून चोरून मोठे अँप्लिफायर जोडायचे. आपला आवाज दूर जाई, पण समोरच्याचा क्षीण आवाज होता तसाच राही. ऐकायचं तर अँटेना उंच हवी, हे पैसे खर्चून झाल्यावर कळायचं.

निडीत हे एकाला आधीच कळलं. त्याने उंच बांबू रोवला, अँटेनाचं तोंड नीट मुंबईकडे केलं, सांधे कोरडे ठेवले. एकच राम, एकच सीता! लगेच अख्खी आळी त्याच्या ओटीवर. चहा त्याचा, साखर त्याची. काही रविवार गेले आणि एका सकाळी अँटेना अलिबागकडे वळलेली दिसली. वाऱ्याने फिरली, म्हणाला.

वाऱ्याने! त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.