क्रेडिट तुमचं, भुर्दंड त्याचा

अमरावतीच्या ठेकेदारभाऊ,

नमस्कार. ‘सप्रेम’ हा शब्द या वेळी मुद्दाम लिहिलेला नाही.

अकोल्याच्या जिनिंगवाल्यानं मार्चच्या कामाचे १ लाख आणि त्यावरचे १८ हजार जीएसटी तुम्हाला चुकते केले. ते १८ हजार तुमचे कधीच नव्हते. तुम्ही आर-वन हे विक्रीचं विवरणपत्र भरलं, बिल त्याच्या टू-बीत, म्हणजे क्रेडिटच्या यादीत, दिसलं, त्यानं त्या कराचं क्रेडिट घेतलं. थ्री-बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, मात्र तुम्ही भरलंच नाही. ३० सप्टेंबर उलटला. आता नियम ३७एप्रमाणे त्यानं ते क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत सोडून द्यायचं. चुकला तर वर व्याज. एकदा तुम्हाला दिलेला कर त्यानं पुन्हा सरकारला द्यायचा, आणि तोही ऐन कापसाच्या हंगामात! शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के आरसीएम, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदारानं भरायचा कर, त्याला रोखीनंच भरावा लागतो. तिथं क्रेडिट चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं: ‘क्रेडिट पडून हाय ना, सेटऑफ होऊन जाईन.’

होईल. उशिरा भरलेल्या थ्री-बीत क्रेडिटमधून वळत्या केलेल्या कराला व्याज लागत नाही, लागतं ते रोख भागाला. ही सवलत १ जुलै २०१७ पासून लागू धरली गेली, आणि तत्त्व म्हणून मला ती मान्य आहे. पण ती अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे. गिऱ्हाइकाचा कर दाबून बसायची मुभा म्हणून नाही. जीएसटीआधी सेवाकरात असताना हे तुम्हाला जमलं नसतं. सेनव्हॅट या तेव्हाच्या क्रेडिट पद्धतीच्या २००४ च्या नियमांत तिमाहीच्या शेवटच्या दिवशी जेवढं क्रेडिट शिल्लक, तेवढंच त्या तिमाहीच्या कराला वापरता येई. मार्चचा कर ऑगस्टमध्ये भरताना एप्रिल-मेचं क्रेडिट पुढं केलं, तर ते नाकारलं जाई. रोख मोजा, वर व्याज. २०१४ च्या ऑक्टोबरपासून तर वर्षापलीकडच्या उशिराला ३० टक्के.

आज तुमच्या उशिराची किंमत तुमच्या खिशातून जात नाही, तर ज्यानं तुमच्यावर विश्वास टाकला त्याच्या कॅश-क्रेडिट खात्यातून जाते. मला राग याचाच आहे.

थ्री-बी याच आठवड्यात भरा आणि भरलं की त्याला कळवा, म्हणजे सोडलेलं क्रेडिट त्याला परत घेता येईल. मधल्या काळाचं बँकेचं व्याज तुमच्या पुढच्या बिलातून कापायला मी त्याला सांगितलं आहे.

अकोल्याचा एक करसल्लागार